शुक्रवारचं पॅकिंग

४ ऑक्टोबर

काका,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगते, मी तुमची पुतणी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा चार वर्षांची होते आणि वायसर गिळणारी पोर म्हणून गल्लीत प्रसिद्ध होते. घरात अजून वायसरच म्हणतात. म्हणजे म्हणत होते. आई आठ वर्षांपूर्वी गेली आणि बाबांची वाचा या जूनमध्ये गेली. आई गेल्यावर तुम्ही दोन ओळींचं कार्ड पाठवलं होतंत. त्यावरचा पत्ता मी शिवणाच्या डब्यात जपून ठेवला होता.

बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. समजतं सगळं, पण बोलता येत नाही. मी शाळेची बस चालवते. फेऱ्यांच्या वेळी शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसतात. जूनपासून बाबांनी एकच धरलंय. खाट मागच्या खिडकीशी हलवायला लावली. तिथून शेडमधला आपला जुना ट्रक दिसतो, तीच आपली म्हातारी. दिवसातून दहा वेळा डाव्या हातानं खूण करतात. आधी गाडीकडे बोट, मग हात गोल फिरवायचा, मग तोच हात छातीवर. गाडी, हँडल, मला. तिचा आवाज ऐकायचाय त्यांना. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येईल. हे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, त्यावरून काय ते समजले.

म्हणून मी म्हातारीला हात घातला. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून हँडल मागे-पुढे केलं, तर क्रँक बराच फिरतो तेव्हा कुठे आतला रोटर हलतो. म्हणजे टायमिंगची चेन तरी ढिली आहे किंवा गिअरचे दात गेलेत. एका जुन्या स्पेअरवाल्याकडे लोखंडी गिअरची जोडी आणि चेन मिळाली. पण टायमिंग मी कधी उघडलेलं नाही. गॅरेजवाले म्हणतात, भंगारात घाला. हे मी बाबांच्या खिडकीखाली उभं राहून ऐकून घेतलं.

तुमच्याबद्दल बाबा एकदाच बोलल्याचं मला आठवतं. "टायमिंग बसवावं तर त्यानं," एवढंच. एरवी तुमचं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. चढावर गाडी बंद पडली आणि काकू गेली, यापलीकडे मला कुणी काही सांगितलं नाही. विचारायचा माझा हक्क नाही. फक्त काम कसं करायचं ते लिहाल का?

तुमची,
वायसर


१३ ऑक्टोबर

चि. वायसर,

मी एका बारा मजली इमारतीत लिफ्ट चालवतो. माणसं वर नेतो, खाली आणतो, कुणाचं काही बिघडत नाही. हातात पाना धरल्याला बावीस वर्षं झाली. तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन वर-खाली केलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, ही पोर हातोडीनं पुली ठोकत बसेल आणि क्रँकचं तोंड फोडून ठेवेल. म्हणून लिहितोय. दादासाठी नाही. फोन आहे माझ्याकडे, पण नंबर देत नाही. या विषयावर बोलायला लागलो की माझं तोंड चालत नाही.

आधी पाणी सोडून रेडिएटर आणि पंखा काढ. मग पुढची पुली. तिला ओढून काढायचा पुलरच लाव, चार घरी मागायला लागला तरी माग. झाकणाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे आहेत. पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढ, भोकं पाड आणि जो बोल्ट जिथला तिथे खोच. खालचं ऑइल चेंबरही उतरव. त्या वेळी बाजारात फायबरच्या दातांचाच मोठा गिअर मिळाला होता. त्याचे तुकडे चेंबरच्या जाळीत अडकले तर ऑइल वर चढणार नाही आणि म्हातारी पाच मिनिटांत जीव सोडेल.

आता नीट वाच. जुने गिअर काढण्याआधी एक नंबरचा पिस्टन टॉपला आण. खालच्या लहान गिअरवर एक ठिपका आहे, वरच्या मोठ्यावर एक. दोन्ही एकमेकांकडे तोंड करून हवेत. मोठ्याचा ठिपका वर गेलेला दिसला तर क्रँक अजून एक फेरा फिरव, खाली येईल. पण बरोबर समोर येणार नाही. एका दातानं हुकेल. ते काम माझं आहे.

तुला कुणी सांगितलं नाही, तर मी सांगतो. मार्चमधल्या एका गुरुवारी, सहा तारखेला, मी ते गिअर आणि चेन बसवली. रविवारी तुझ्या काकूच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरायला महिना होता. दवाखाना डोंगरापलीकडे. दादा गाडी चालवत होता, मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. अर्ध्या चढावर गाडीतला जोर गेला, पाणी उकळलं आणि म्हातारी जी बसली ती उठली नाही. दीड तासानं दुधाची गाडी आली. तोवर तुझी काकूही गेली होती आणि पोटातलंही. चौथ्या दिवशी दादा माझ्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "एक दात चुकलास." आत आला नाही, बसला नाही. एक दात चुकला की इंजिन सपाटीला धावतं आणि चढावर दगा देतं, हे मला शाळकरी वयापासून ठाऊक. मी शेडमध्ये बघायलाही गेलो नाही. दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्याच आठवड्यात घर सोडलं.

तुझ्याकडून मला एकच हवंय. आमच्यात रीत होती, दादानंच लावलेली. झाकण जो बंद करेल त्यानं झाकणाखालच्या कागदी पॅकिंगच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकायची आणि खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर. उद्या काही झालं तर कुणी कुणावर ढकलायचं नाही. त्या पॅकिंगवर माझी गुरुवारची तारीख असेल. जपून सोडव आणि मला पाठव. माणसाकडे आपल्या गुन्ह्याची एक तरी पावती असावी.

तुझा,
काका


२२ ऑक्टोबर

काका,

पुलर तिसऱ्या घरी मिळाला. पुली निघाली, झाकण निघालं, चेंबर उतरवलं. जाळीत फायबरचे चार दात सापडले, ते मी बशीत काढून ठेवलेत. चेन गंजून काठीसारखी झाली होती. सगळं तुम्ही लिहिलंत तसंच.

खुणाही तशाच. एक दात.

पॅकिंग मात्र सोडवताना फाटलं. तुकडे तुकडे झाले, काही वाचता आलं नाही. माफ करा. नवे गिअर बसवायचे कसे तेवढं कळवा.

बाबा बरे आहेत. म्हणजे आहेत तसेच आहेत.

तुमची,
वायसर


३१ ऑक्टोबर

चि. वायसर,

फाटलं तर फाटलं. बावीस वर्षं चिकटलेलं निघायचं ते फाटूनच.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र मी लगेच उघडलं नाही. मनात कुठेतरी वाटत होतं की ही लिहील, काका, खुणा बरोबर होत्या. रोज लिफ्टमध्ये उभ्या उभ्या मी ते काम पहिल्यापासून करून बघतो. पिस्टन टॉपला, ठिपक्याला ठिपका, चेन चढवली, बोल्ट आवळला, दोन फेरे फिरवून पुन्हा ठिपके बघितले. माझ्या आठवणीत ते नेहमी बरोबर येतात. पण आपली आठवण ही आपलीच वकील. आता तू डोळ्यांनी पाहिलंस, म्हणजे प्रश्न मिटला. वाईट वाटलं, पण आता त्यावर रात्रंदिवस खल करायला नको.

बसवायचं सोपं आहे. दोन्ही गिअर आधी चेनमध्ये अडकव, ठिपके समोरासमोर धर आणि जोडी एकदमच आत सरकव. मोठ्या गिअरच्या बोल्टला नवा लॉक वायसर घाल, जुना पुन्हा वापरू नकोस. मग हातानं क्रँकचे दोन फेरे पूर्ण फिरव आणि ठिपके पुन्हा बघ. पुन्हा म्हणजे पुन्हा.

वायसरवरून आठवलं. तुझ्या नावाची गंमत तुला कुणी सांगितली का? त्या कामासाठी मी दोन लॉक वायसर आणले होते. एक लावला, एक जादाचा ट्रेमध्ये ठेवला. शुक्रवारी मी तुझ्या काकूला तपासायला घेऊन गेलो, संध्याकाळी परत आलो तर दादा गप्प गप्प. "तो दुसरा वायसर कुठेय?" म्हणाला. मी म्हटलं, असेल ट्रेमध्ये. शनिवारी तू जेवताना जाहीर केलंस की मी गोल गोळी खाल्ली, लोखंडाची. मग काय, सगळं घर तुझ्या मागे. दोन घास जास्त खा, पाणी पी. रविवारी सकाळी वायसर निघाला, जसाच्या तसा. तुझी काकू इतकी हसली की पोट धरून खाली बसली. "आजपासून हिचं नाव वायसर," म्हणाली. मी तिला त्यानंतर हसताना पाहिलं नाही. दुपारी तिचं दुखायला लागलं.

म्हणून तुझ्या पत्राखाली ते नाव दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. तिनं ठेवलेलं एक नाव तरी चालू आहे. बाळासाठी शोधलेली नावं तिनं मला सांगितलीच नाहीत. जन्मल्यावर सांगेन म्हणायची.

दादाला आवाज ऐकव. मी येणार नाही.

तुझा,
काका


९ नोव्हेंबर

काका,

मी तुमच्याशी खोटं बोलले. पॅकिंग फाटलं नव्हतं. अख्खं निघालं. या पत्रात दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवते आहे.

त्यावर तुमची तारीख नाही. त्यावर लिहिलंय, "शुक्र. ७ मार्च" आणि खाली बाबांचं अक्षर.

मी शेडमध्ये कोपऱ्यात बसून ते दहा वेळा वाचलं. मग बाबांकडे घेऊन गेले. त्यांनी डाव्या हाताचं बोट तारखेवर ठेवलं, मग हात छातीवर ठेवला, आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. जूनपासूनची ती खूण, काका. गाडी, गोल फिरणारा हात, छाती. मला वाटलं, त्यांना आवाज ऐकायचाय. ते सांगत होते, गाडी उघड, मी केलं. चार महिने मी त्यांना "हो हो, सुरू करते" म्हणत राहिले.

तेव्हाही तुम्हाला खरं लिहिलं नाही, कारण ते माझे बाबा आहेत. आंघोळ मी घालते, घास मी भरवते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वाटलं, तुम्ही बावीस वर्षं सोसलंत, अजून थोडे दिवस सोसाल. इतकी वाईट मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

पण त्यांनी शुक्रवारी झाकण उघडलं कशाला, हे मला कळत नव्हतं. ते तुमच्या मागच्या पत्रातून कळलं. ट्रेमध्ये एक वायसर कमी होता. बाबांना वाटलं, तो इंजिनात पडला. चेनमध्ये अडकला तर सगळं फुटेल, म्हणून त्यांनी तुम्ही नसताना उघडलं. मागे बघायला गिअर काढले. वायसर आत नव्हताच. परत बसवताना दात चुकला. मी पत्र बाबांना वाचून दाखवलं आणि विचारलं, असंच ना? त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

वायसर माझ्या पोटात होता, काका. मी तो खाल्ला नसता तर झाकण उघडलंच गेलं नसतं. काकू असती. माझ्याहून चार वर्षांनी लहान असं कुणीतरी आज तुमच्या घरात असतं. घरभर मला ज्या नावानं लाडानं हाक मारत होते, ते नाव बाबा दर वेळी कसं ऐकत असतील, कोण जाणे.

नवे गिअर बसवले. दोन फेरे फिरवून खुणा पाहिल्या, बरोबर आहेत. झाकण अजून लावलेलं नाही. तुम्ही या. बाबांकडे फार दिवस नाहीत. त्यांना ऐकायचं काही नाही, सांगायचं आहे, आणि ते तुमच्यासमोरच होईल.

तुमची पुतणी


२४ नोव्हेंबर

काका,

बाबा गुरुवारी सकाळी गेले. मी बस घेऊन गेले होते, मावशी जवळ होत्या. त्या म्हणाल्या, फाटक वाजलं की खिडकीकडे मान वळवायचे. तुम्हाला बोलावलंय हे सांगितल्यापासून तसंच चाललं होतं. गुरुवारी पेपरवाला आला, तेव्हाही वळवली.

तुमचं पत्र आलं नाही. मी ते समजू शकते.

म्हातारी तशीच उघडी आहे. आता कुणासाठी बंद करायची, कळत नाही.

तुमची पुतणी


२९ नोव्हेंबर

चि. वायसर,

पॅकिंग मिळालं त्याच दिवशी मी बसस्टँडवर गेलो. तिकीट काढलं, सीटवर बसलो आणि गाडी सुटायच्या आधी उतरलो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा उतरलो. मला राग आला होता. असा राग मला कधी आलाच नव्हता, कारण आजवर तो करायचा तर फक्त स्वतःवर होता. वाटायचं, जाऊन त्याच्या दारात उभा राहीन, आत जाणार नाही, बसणार नाही, एक वाक्य बोलेन आणि निघेन. ते वाक्य मी लिफ्टमध्ये घोटत होतो. बाराव्या मजल्यापर्यंत पुरायचं. आणि मी ते घोटत असताना तो फाटकाकडे मान वळवत होता.

हे आता माझ्या नावावर. त्यावर तारीख मी टाकतो, तू उचलायला येऊ नकोस.

पॅकिंग माझ्यासमोर आहे. दादाचं अक्षर तसंच, शुक्रवारातला शु फाटक्या छत्रीसारखा. एक गोष्ट मला कळत नाही आणि कळतेही. तो माझ्याशी खोटं बोलला, पण तारीख त्यानं खोटी टाकली नाही. आणि नंतर बावीस वर्षं म्हातारी त्याच्या शेडमध्ये होती. कधीही झाकण काढून हा कागद चुलीत घालता आला असता. गाडी भंगारात देता आली असती. त्यानं दोन्ही केलं नाही. सांगायची हिंमत नव्हती आणि पुसायचीही नव्हती, असा तो जगला. मला त्याची दया येते, त्याला माफ करता येत नाही, आणि तो माझा दादा होता म्हणून तुझं पत्र वाचून मी लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबवून रडलो. तीन माणसं आत होती.

आता तुझं. तू खाली नाव लिहायचं सोडलंस, ते माझ्या ध्यानात आलंय. नीट वाच, पुलरबद्दल लिहिलं होतं तेव्हा वाचलंस तसं. चार वर्षांच्या पोरीनं चकचकीत वस्तू तोंडात घातली, यात चूक असेल तर ट्रे जमिनीवर ठेवणाऱ्याची. तो मी. मग ट्रे ज्या दुकानातून आणला त्या दुकानदाराची. असं मागे मागे जायला लागलं तर कुणीच सुटणार नाही आणि काकू परत येणार नाही. दादानं दारात उभं राहून मला एक वाक्य दिलं आणि मी ते बावीस वर्षं वाहिलं. उघडून बघितलं नाही, ही माझी खरी चूक. तुझ्याकडे कुणी असं वाक्य दिलेलंही नाही. तू ते स्वतःच तयार करते आहेस. खाली ठेव. मी सांगतो म्हणून ठेव, या कामात माझा अनुभव मोठा आहे.

रजा मिळाली आहे. शनिवारी दुपारच्या बसनं येतो, या वेळी उतरणार नाही. तोवर झाकण लावू नकोस. ठिपके मला माझ्या डोळ्यांनी एकदा बघायचे आहेत. मग नवं पॅकिंग मी कापीन, आणि तारीख तू टाक. खाली आपलं अक्षर टाकायची रीत आहे, तुला माहीतच आहे. तिथे वायसर असं पूर्ण लिही. ते नाव तुझ्या काकूनं हसत हसत ठेवलंय आणि ते खोडायचा अधिकार तुला नाही, मलाही नाही.

तुझा,
काका